वेठ, गुलाम, कुणबीण, हाळी : काही शब्दांची कुळकथा



गेल्या हिवाळ्यात आम्ही सूनबाईंना घेऊन खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेलो होतो. सूनबाई पुण्याच्या, बडोद्यात येऊन वर्षही झालेले नाही. पुढची भव्य इमारत, तिथली कॉर्पोरेशनची कचेरी, मागचा भाजीबाजार हे सगळे त्यांना दाखवत चाललो होतो. एका भाजीवाल्याकडचा पोरगा मेथीच्या जुड्या बांधत होता आणि त्या निम्म्या सुटत होत्या. भाजीवाला त्याच्यावर ओरडला, "वेठ ना उतार, सरखुं काम कर!"

सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले. "बाबा, वेठ उतारणे म्हणजे काय? आपल्याकडे वेठीस धरतात ना?"

आम्ही सांगितले की गुजरातीत 'वेठ उतारवी' म्हणजे काम कसेबसे, पाट्या टाकल्यासारखे उरकणे. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. शब्द एकच. मराठीत संपामुळे प्रवाशांना 'वेठीस धरतात', म्हणजे त्यांना अडकवून आपले काम साधतात. गुजरातीत तोच शब्द निष्काळजी कामासाठी. एकाच बाजारात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनाही हे कधी खटकले नाही. नोकरीतली चौतीस वर्षे आकड्यांत गेली, शब्दांकडे बघायला सवड निवृत्तीनंतर मिळाली. तेव्हा म्हटले, हा धागा धरून जरा मागे जाऊ या.

वेठ म्हणजे मोबदला न देता, सक्तीने करून घेतलेले काम. संस्कृतात त्याला 'विष्टि' म्हणत. प्राकृतात त्याचे 'विट्ठि' झाले आणि पुढे मराठी-गुजरातीत 'वेठ'. (पंचांगातही विष्टी नावाचे एक करण असते, त्यालाच भद्रा म्हणतात आणि त्यात शुभकार्य करत नाहीत. दोहोंचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.) हा शब्द आपल्या गुजरातेतच, जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या खडकावर कोरलेला आहे. ज्या खडकावर अशोकाच्या आज्ञा आहेत त्याच खडकावर रुद्रदामन या क्षत्रप राजाचा, साधारण इ. स. १५० चा लेख आहे. सुदर्शन तलावाचा बांध वादळात फुटला, तो राजाने पुन्हा बांधून घेतला. लेखात अभिमानाने नोंदवले आहे की या कामासाठी नगरातल्या आणि गावातल्या लोकांना कर, विष्टी आणि 'प्रणय' म्हणजे राजाला द्यायच्या तथाकथित प्रेमाच्या देणग्या, यांचा त्रास दिला नाही. एवढा खर्च स्वतःच्या खजिन्यातून केला, हे दगडावर कोरून सांगावे लागले, यावरूनच कळते की एरवीची रीत काय होती.

पुढे फारसीतून 'बेगार' आला. त्याचाही अर्थ तोच. मराठी माणसाला एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून बोलायची जुनी सवय आहे, एक घरचा आणि एक बाहेरचा. कागदपत्र, धनदौलत, तसाच वेठबिगार. मराठेशाहीतल्या महसुली कागदांत हा जोडशब्द सर्रास भेटतो. गावाकडून सरकारला काय येणे आहे त्यात पैसा असे, धान्य असे आणि वेठबिगारही असे. किल्ल्याची डागडुजी, सरकारी ओझी पुढच्या गावापर्यंत पोचवणे, गवत कापणे ही कामे त्यात येत.

आता त्या दोन वाक्प्रचारांकडे पुन्हा पाहू. आमचा आपला तर्क असा की मराठीने तो शब्द धरणाऱ्याच्या बाजूने ठेवला आणि गुजरातीने धरलेल्याच्या बाजूने. ज्याला पैसे मिळणार नाहीत, तो जुडी घट्ट कशाला बांधेल? वेठीचे काम वाईटच होणार, आणि ते वाईट करणे हाच बिचाऱ्याच्या हातातला एकमेव विरोध. पुढे वेठ गेली आणि 'वाईट काम' एवढाच अर्थ मागे उरला. युरोपातही असाच एक शब्द आहे. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडची वेठ. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकात माणसासारख्या राबणाऱ्या यंत्रांना त्यावरून 'रोबोट' नाव मिळाले. आपली नातवंडे ज्या रोबोशी खेळतात, तो शब्दार्थाने वेठबिगारच.

वेठीपेक्षा गुलामी वेगळी. वेठ काही दिवसांची असते, गुलाम मात्र अख्खा माणूसच दुसऱ्याच्या मालकीचा. आणि इथे आम्हाला एक गंमत म्हणावी की दुःख, अशी गोष्ट दिसली. या व्यवहाराचे शब्द मुळात अगदी साधे, घरगुती, कधीकधी तर प्रेमाचे आहेत.

'गुलाम' हा अरबी शब्द. मूळ अर्थ मुलगा, पोरगा, तरुण. फारसीमार्गे आपल्याकडे आला तोवर त्याचा अर्थ विकत घेतलेला माणूस असा झाला होता. ग्रीक आणि लॅटिन भाषांतही मुलाला जो शब्द तोच दासाला वापरत. इंग्रजांच्या क्लबात पन्नाशीच्या वेटरलाही 'बॉय' म्हणत, ते त्याच रांगेतले. दासाचे वय वाढत नाही, म्हातारा झाला तरी तो पोरगाच. आपण पत्त्यांत गुलाम टाकतो, गुलामचोर खेळतो, तेव्हा हे काही मनात येत नाही. आणि येऊ नयेही, खेळ तो खेळ. मुसलमान समाजात 'गुलाम' नावात आदराने येतो, जसे आपल्यात रामदास किंवा इथल्या गुजराती घरांत वल्लभदास. ईश्वराची किंवा संताची गुलामी माणसाने आपणहून पत्करलेली, म्हणून ती भूषणाची.

अरबीतच 'ममलूक' म्हणजे ज्याच्यावर मालकी आहे तो, विकत घेतलेला शिपाई. त्याच धातूपासून आपला 'मालक'. म्हणजे मालक आणि गुलाम एकाच मुळाची दोन रोपे. दिल्लीला १२०६ साली कुतुबुद्दीन ऐबकापासून जे घराणे सुरू झाले त्याला आपण शाळेत 'गुलाम घराणे' म्हणून शिकलो. दख्खनेतले उदाहरण अधिक जवळचे आहे, मलिक अंबर. आफ्रिकेतून लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत अहमदनगरला पोचलेला हा हबशी निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६२६ मध्ये वारला तोवर त्याने मुघलांना दख्खनेत सुखाने बसू दिले नाही. गुलामाला 'मलिक' म्हणजे राजा म्हणायची पाळी आली. हबशी म्हणजे हबशाणातला, आजच्या इथिओपियाकडचा. त्यांनाच 'सिद्दी' म्हणतात आणि तो शब्द अरबी 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी', यावरून आला असे मानतात. आपल्याकडून भरूचच्या बाजूला गेलात तर झगडियाजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. तिथे सिद्दी वस्ती आहे.

इंग्रजी 'स्लेव्ह' हा शब्द 'स्लाव्ह' या पूर्व युरोपातल्या लोकांच्या नावावरून आला. ते इतके पकडले आणि विकले गेले की त्यांचे नावच दासाला पडले. आपल्या 'दास' शब्दाचा प्रवासही काहीसा असाच आहे. ऋग्वेदात दास हे आर्यांशी लढणाऱ्या लोकांचे नाव म्हणून येते आणि मग हळूहळू त्याचा अर्थ सेवक, गुलाम असा होतो. तरी त्याच ऋग्वेदात दिवोदास नावाचा राजाही आहे, म्हणजे प्रकरण सरळ नाही. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत : लढाईत पकडलेला, पोटासाठी झालेला, घरच्या दासीपोटी जन्मलेला, विकत घेतलेला, कोणी दिलेला, वडिलोपार्जित आणि दंड फेडण्यासाठी झालेला. बँकेत आम्ही जंगम मालमत्तेची यादी अशीच करत असू, मालकी कुठून आली त्या क्रमाने.

(जाता जाता : 'नोकर' हा मंगोल भाषेतला शब्द, मूळ अर्थ सोबती. आणि 'साहेब' अरबी, त्याचाही मूळ अर्थ सोबतीच. आमच्या शाखेत हे कोणाला ठाऊक नव्हते, नाहीतर चहा एकत्र प्यायलो असतो.)

आता आपल्या घरच्या शब्दांकडे येतो. इथे लिहिताना हात जरा अडखळतो.

आमची आजी रागावली की 'बटकीच्या' म्हणायची. आम्ही हसत असू, कारण ती रागावली तरी हातावर लाडू ठेवायची. मोठेपणी मोल्सवर्थचा कोश चाळताना बटीक शब्दापाशी थांबलो. बटीक म्हणजे गुलाम स्त्री. 'बटकीचा' म्हणजे तिच्या पोटचा, ज्याला बापाचे नाव नाही तो. आजीला हा अर्थ ठाऊक होता का, हे विचारायला ती राहिली नव्हती. आज वर्तमानपत्रात अमुक संस्था सत्तेची बटीक झाली असे वाचतो. ते लिहिणाऱ्याच्याही डोळ्यांपुढे ती बाई नसते.

पेशवाईच्या कागदांत अशा बायकांना बहुतेक 'कुणबीण' म्हटले आहे. कुणबी म्हणजे शेतकरी, कुणबीण म्हणजे त्याची बायको, हा सरळ अर्थ. पण पुण्याच्या दप्तरात 'कुणबीण खरेदी केली' असे येते तेव्हा अर्थ गुलाम बाई असा असतो. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली, लढाईत आणि लुटीत हाती लागलेल्या बायका त्यात असत. शिवाय ज्यांच्यावर बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा आरोप ठेवला, अशा स्त्रियांना शिक्षा म्हणून सरकार आपल्या कोठारात, मुदपाकखान्यात, पागेत राबायला ठेवी. त्यांच्या मुलांना 'लेकवळे' म्हणत. 'लेक' हा आपल्या भाषेतला सर्वांत मायेचा शब्द. त्याला एक शेपूट लावले आणि वारसाहक्क काढून घेतला.

हे आपल्याच राज्यात चालले होते हे लिहिताना बरे वाटत नाही. पण त्याच इतिहासात हेही आहे की १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात माणसांची, बायकापोरांची खरेदी-विक्री आपल्या मुलखात चालणार नाही असे बजावले होते. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. एक छातीठोक सांगायची आणि दुसरी गिळायची, असे करता येत नाही.

कुणबिणीसारखेच इंग्रजीतही झाले. तिथल्या 'बाँडेज' या शब्दाच्या मुळाशी उत्तर युरोपातला 'बोन्डी' आहे, म्हणजे घरदार असलेला शेतकरी. शेतकऱ्याचे नाव घसरत घसरत दास्याचे नाव झाले. आणि सौराष्ट्रातल्या दरबारांत 'खवास' म्हणत, तो 'खास' या शब्दाचा भाऊ. खास माणसे म्हणजे दरबारात जन्मभर बांधलेली माणसे. आज ते एका समाजाचे नाव आहे आणि ती मंडळी मानाने जगतात.

यातला शेवटचा शब्द आम्ही स्वतः ऐकलेला.

दक्षिण गुजरातेत, सुरत-नवसारीकडे, जुन्या गायकवाडी नवसारी प्रांतातही, 'हाळी' नावाची पद्धत होती. (मराठीत आपण 'हाळी देतो' तिच्याशी याचा संबंध नाही.) हळ म्हणजे नांगर, हाळी म्हणजे नांगऱ्या. दुबळा नावाच्या आदिवासी जमातीतला तरुण लग्न ठरले की जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा हाळी होई. बायको मालकाच्या घरी शेणगोठा, धुणीभांडी करी, पोरे गुरे राखत. रोजचे धान्य मिळे, पावसाळ्यात खावटी मिळे आणि तीही कर्जात चढे. मालकाला म्हणत 'धणियामो'. धणी म्हणजे धनी, जो सांभाळतो तो. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायका नवऱ्याला धनी म्हणतात, तोच शब्द.

इकडे ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये याच पद्धतीला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात त्याची हकीकत आहे. ज्या उंबरगाव भागात १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली, तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, १९६० पासून गुजरातेत आहे. सीमा इकडची तिकडे झाली. शब्द मात्र दोन्हीकडे किती गोड! लग्नाचा गडी. जणू करवलाच.

ऐंशीच्या दशकात आमची नेमणूक सुरत जिल्ह्यातल्या एका गावच्या शाखेत होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची म्हशींची कर्जे वाटायची होती. एक जण आला, पन्नाशीचा, सोबत गावातले एक मोठे शेतकरी. अर्ज शेतकऱ्याने भरून आणला होता. आम्ही विचारले, "शुं काम करो छो?" तो म्हणाला, "हुं तो एमनो माणस." मी तर यांचा माणूस. आम्ही अर्जात 'शेतमजूर' लिहिले, अंगठा घेतला, पासबुक दिले. त्याने ते न उघडता शेजारच्यांच्या हातात ठेवले आणि त्यांनी खिशात घातले. म्हैस कोणाच्या गोठ्यात बांधली गेली, हे तपासणीला गेल्यावर दिसलेच. परतफेड मात्र वेळेवर आली, म्हणून आमच्या दप्तरी ते खाते उत्तम होते. आम्ही काही लिहिले नाही. 'यांचा माणूस' हे कशाचे नाव आहे, असा विचारही केला नाही. खरे सांगायचे तर केला असता तरी कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न पडला असता.

तो रकाना होता. आम्हाला तो निवृत्तीनंतर सापडला. वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा १९७६ चा, लागू २५ ऑक्टोबर १९७५ पासून. या कायद्याने अशी कर्जे एका फटक्यात बुडीत ठरवली, मुद्दलासकट. कर्जाच्या बदल्यात माणूस राबवायचा आणि राबणे व्याजातच जिरवायचे, या हिशेबाला मुद्दल कधी फिटतच नाही. हे कोणाही बँकवाल्याने पाच मिनिटांत कागदावर मांडून दाखवावे. पण त्या कायद्यातली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या व्याख्येत दिलेली शब्दांची यादी. देशभरातली तीसेक नावे : हाळी, कमिया, सागडी, जीथा, बारमासिया, नित-मजूर, वेट्टी, सेवक, सेवकिया... ही नावे जिथे चालतात तिथे सक्तीच्या मजुरीचा करार आहे असे सामान्यतः धरून चालावे, असे कायदा म्हणतो. एवढी काळजी का? कारण कोणीही 'माझ्याकडे गुलाम आहेत' असे सांगत नाही. सांगतात, सेवक आहे, बारमाही गडी आहे, आमचाच माणूस आहे. कायद्याला त्या साध्या शब्दांनाच नावानिशी पकडावे लागले. 'सेवक' शब्द त्या यादीत वाचून मात्र आम्हाला खंडेराव मार्केटची इमारत आठवली. आपल्या कॉर्पोरेशनला महानगर सेवा सदन हे नाव मिळाले होते आणि निवडून आलेले सगळे नगरसेवक. शब्द चांगल्या घरी पडला म्हणायचा.

त्याआधीचे कायदे थोडक्यात. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीवर सरळ बंदी घातली नव्हती. न्यायालयांनी गुलामावरचा हक्क मानायचा नाही, एवढेच ठरवले. माणूस विकत घेणे-विकणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराबरोबर वेठबिगारीलाही मनाई केली. इंग्रजी मसुद्यातही तिथे 'बेगार' हाच आपला शब्द आहे. इंग्रजीत पुरेसा शब्द नव्हता असे नाही, पण इथल्या माणसाला इथले नाव लागले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले आणि नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे आपल्या सभासदांना ठाऊक आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले होते. वतन म्हणजे ऐकायला केवढा मान! प्रत्यक्षात जमिनीच्या लहानशा तुकड्याच्या मोबदल्यात घराण्यातल्या प्रत्येकाने सरकार आणि गाव यांच्यासाठी रात्री-अपरात्री धावायचे. ते वतन रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

या सगळ्यांत एका माणसाने गोड शब्द बाजूला सारून सरळ कडू शब्द उचलला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुस्तकाचे नावच 'गुलामगिरी' ठेवले आणि ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले. शूद्र-अतिशूद्रांच्या स्थितीला तोवर धर्म म्हणत, रूढी म्हणत, पूर्वजन्मीचे कर्म म्हणत. फुल्यांनी पुण्यात बसून ती अमेरिकेतल्या मळ्यांशेजारी नेऊन ठेवली. त्यांचा बडोद्याशीही संबंध होता. 'शेतकऱ्याचा असूड'मधला काही भाग त्यांनी सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला होता.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला एवढे सगळे लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग आजेसासूबाईंची ती शिवी आता या घरात नको." आम्ही मान डोलावली. नातवंडावर रागावायला दुसरा शब्द शोधणे चालू आहे, अजून तितका दणकट मिळालेला नाही.

सभासदांपैकी कोणाच्या घरी गायकवाडी अमदानीतले जमाखर्च, वतनाचे कागद, सनदा किंवा पत्रे असतील तर त्यांत माणसांसाठी कोणते शब्द आले आहेत ते जरूर पाहावे. गडी, पोरगे, माणसे, बायका, कुणबिणी, काहीही असो. मोडी वाचता येत नसेल तर कागद घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे, वाचून देणारे आपल्याकडे दोघे-तिघे आहेत. मूळ कागद परत घेऊन जावा. त्यातला शब्द तेवढा आम्ही उतरवून घेऊ.